कॅलेंड्युलाचं मलम: फूल ओळखण्यापासून डबी भरण्यापर्यंत

दसरा उलटला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीत कुणी ना कुणी मला हा प्रश्न विचारतंच. तोरणातला झेंडू सुकायला लागलेला असतो, टाकून द्यायचा जीव होत नाही आणि मोबाइलवर ‘मेरीगोल्ड ऑइल’चा व्हिडिओ नुकताच पाहिलेला असतो. “ताई, या फुलांचं तेल करून टाचांना लावलं तर चालेल ना?”

चालणार नाही. त्या व्हिडिओतलं फूल कॅलेंड्युलाचं असतं आणि तोरणातलं झेंडूचं. इंग्रजीत दोन्हींना मेरीगोल्ड म्हणतात, तिथून हा सगळा घोळ सुरू होतो. कॅलेंड्युला भूमध्य समुद्राच्या काठचा, तर झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. दोघांचं कूळ एकच, सूर्यफुलाचं, पण त्या कुळात शेवंतीही येते आणि गाजरगवतही. कूळ एक म्हणून गुण एक, असं होत नाही. झेंडूत थायोफिन गटाची द्रव्यं असतात. त्याचा अर्क कातडीला लागला आणि वर ऊन पडलं, तर काही जणांना आग होते, चट्टे उठतात. सुगंधी द्रव्यांच्या उद्योगातही झेंडूचं तेल कातडीला लागेल अशा वस्तूंत किती घालायचं, यावर याच कारणाने मर्यादा आहे. शिवाय बाजारातला सणाचा झेंडू फवारण्या झेलून आलेला असतो. पूजेला, दाराला तो शोभतो. आयुर्वेदात आणि गावठी औषधांत झेंडूचे त्याचे वेगळे उपयोग सांगितलेले आहेत, ते जाणकारांकडून घ्यावेत. पण कॅलेंड्युलाची कृती झेंडूवर करू नये.

ओळखायचं कसं? झाड समोर असेल तर पान बघा. झेंडूचं पान पिसासारखं, कातरलेल्या लहान पानांचं असतं आणि चुरगळलं की उग्र वास येतो. कॅलेंड्युलाचं पान अखंड, लांबट, बोटाला किंचित चिकट आणि लवदार लागतं. बी पाहिलं तर शंकाच उरत नाही. झेंडूचं बी म्हणजे काळी बारीक काडी, टोकाला फिकट केसांचा झुबका. कॅलेंड्युलाचं बी तळहातावर घेतलं तर एखादी तपकिरी अळी अंग आकसून पडली आहे असं वाटतं. पाठीवर काट्यांसारखे उंचवटे, आणि एकाच फुलात लहान, मोठी, होडीसारखी अशा वेगवेगळ्या आकारांची बियाणी.

सुकी फुलं विकत घेणाऱ्यांची खरी पंचाईत होते. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडची फुलं संपली म्हणून एका ठिकाणाहून पाकीट मागवलं. वर कॅलेंड्युलाचं नाव, फोटोही कॅलेंड्युलाचाच, आत सरळ झेंडूच्या पाकळ्या. तेव्हापासून एक पक्की सवय लावून घेतली आहे. पाकिटातली चिमूटभर फुलं पांढऱ्या बशीत घ्यायची, वर गरम पाणी ओतायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. कॅलेंड्युलाची पाकळी उलगडली की अरुंद, लांब फितीसारखी दिसते आणि टोकाला तीन बारीक दाते असतात. झेंडूची पाकळी वर रुंद, चुणीदार आणि खाली बारीक नळीसारखी होत जाते. पाच मिनिटांची ही तपासणी प्रत्येक नव्या पाकिटाला करा.

त्यापेक्षा चांगलं म्हणजे झाड स्वतः लावणं. आपल्याकडे ते हिवाळी हंगामी फूल आहे. नाशिकच्या थंडीत माझ्या गच्चीवर ते डिसेंबरपासून मार्चपर्यंत भरभरून फुलतं; एप्रिलच्या उन्हात मात्र टिकत नाही. पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये बी पेरा. बी साधारण एक सेंटिमीटर मातीखाली गेलं पाहिजे, त्याला उगवायला अंधार लागतो. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. रोपाला चार-पाच पानं फुटली की एकेक रोप आठ-दहा इंची कुंडीत हलवा, वाफ्यात लावणार असाल तर वीतभर अंतर ठेवा. पूर्ण ऊन, निचऱ्याची माती आणि बेताचं पाणी. पेरणीपासून दोनेक महिन्यांत फूल येतं. नर्सरीतून नोव्हेंबरमध्ये तयार रोपं आणली तरी हरकत नाही, फक्त त्यांच्यावर आधी औषधफवारणी झालेली असते, म्हणून पहिल्या बहराची फुलं औषधासाठी घेऊ नका.

मावा याच्या कोवळ्या शेंड्यांवर तुटून पडतो. मी पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने तो धुऊन काढते, फारच झाला तर निंबोळी अर्क. पण निंबोळी मारल्यानंतर आठवडाभर फुलं तोडत नाही. पानांवर भुरी दिसली तर ती पानं काढून टाका आणि कुंड्यांत अंतर वाढवा. उमललेलं फूल तोडत राहिलं की झाड नव्या कळ्या धरतं, त्यामुळे तोडणी हीच त्याची निगा.

तोडणीची वेळ सकाळी नऊ-साडेनऊची. दव वाळलेलं असतं, फूल पूर्ण उघडलेलं असतं आणि ऊन चढलेलं नसतं. फूल देठाजवळ चिमटीत धरून खुडायचं. पंधरा-वीस फुलं खुडली की अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटायला लागतात. फणसाच्या चिकाइतकं चिवट नाही, पण साबणाने एकदा हात धुऊन जात नाही इतपत. हा चिकटपणा फुलाखालच्या हिरव्या देठपेल्यातल्या राळेचा. बोटं चिकट झाली की फूल चांगलं आहे असं समजा. म्हणूनच नुसत्या पाकळ्या तोडून घेऊ नयेत, अख्खं फूल हिरव्या भागासकट घ्यावं. काही दुकानांत फक्त पाकळ्या मिळतात. त्या साबणात किंवा चहात दिसायला छान, पण मलमासाठी माझी पसंती अख्ख्या फुलालाच.

वाळवताना घाई करू नका. माझी पहिली बरणी याच घाईने गेली. पाकळ्या हाताला कुरकुरीत लागल्या म्हणून फुलं तेलात टाकली आणि बाराव्या दिवशी तेलावर राखाडी बुरशीचं वर्तुळ आलं. पाकळी दोन-तीन दिवसांत वाळते, मधला हिरवा भाग मात्र आठ-दहा दिवस आतून ओला राहतो. फुलं सावलीत, वारा खेळेल अशा जागी, सुती कापडावर किंवा सुपात एकाच थरात पसरा, रोज उलटी-सुलटी करा. शेवटी एक फूल मधोमध मोडून पाहा. कट्कन तुटलं तर वाळलं, वाकलं तर अजून थांबा. उन्हात वाळवली तर रंग उडतो आणि रंगाबरोबर बरंच काही जातं. वाळलेली फुलं काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात वर्षभर चांगली राहतात.

ताजी फुलं तेलात घालू नका हे सांगण्यामागे बुरशीपेक्षाही मोठं कारण आहे. ओलसर वनस्पती तेलाखाली बुडाली की तिला हवा मिळत नाही आणि हवेवाचून वाढणाऱ्या घातक जंतूंना तिथे वाव मिळतो. असं तेल फुटलेल्या कातडीला लावणं म्हणजे संकट ओढवून घेणं.

आता तेल. २० ग्रॅम सुकी फुलं हाताने मोडून स्वच्छ, कोरड्या ठाक बरणीत घ्या आणि त्यावर २०० मिली तेल ओता. फुलांच्या वर दोन बोटं तेल राहिलं पाहिजे. तेल कुठलं, यावर बरीच मतं आहेत. युरोपात ऑलिव्ह किंवा सूर्यफुलाचं वापरतात. मी घाण्याचं तिळाचं तेल घेते. ते थंडीत गोठत नाही, लवकर खवटत नाही आणि आपल्या कातडीला पिढ्यान्‌पिढ्या सवयीचं आहे. खोबरेल वापरायचं असेल तर हिवाळ्यात ते थिजतं आणि फुलातलं काही उतरत नाही, तेव्हा गरम पद्धत घ्या. थंड पद्धतीत बरणी उबदार पण सावलीच्या जागी चार ते सहा आठवडे ठेवून रोज हलवायची. गरम पद्धतीत पातेल्यात पाणी ठेवून त्यात तेलाचं भांडं बसवायचं आणि अगदी मंद आचेवर दोन-तीन तास ठेवायचं. खालचं पाणी खदखदता कामा नये. तेलात फुलं तळली गेली, तपकिरी झाली, तर तो घाणा वाया गेला. गॅस बंद केल्यावर रात्रभर तसंच मुरू द्या आणि सकाळी जुन्या धुवट पंचातून पिळून घ्या. तेलाला गडद सोनेरी रंग येतो.

तेलच का, नुसता काढा का नाही? या फुलातली सूज उतरवणारी जी मुख्य द्रव्यं मानली जातात, ती फॅराडिऑलची एस्टरं, पाण्यात जवळजवळ उतरत नाहीत. त्यांना तेल किंवा तीव्र अल्कोहोल लागतं. पाण्यात उतरतात ती फ्लेवोनॉइड आणि काही बुळबुळीत शर्करा. म्हणून काढ्याचं काम वेगळं, तेलाचं वेगळं.

मलमासाठी १०० मिली तेलाला २० ग्रॅम मधमाशांचं मेण. मेण पाण्याच्या वाफेवर वितळवून त्यात तेल मिसळायचं. मिश्रणाचा थेंब थंड चमच्यावर घेऊन पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बोटाने दाबून पाहा. फार मऊ वाटलं तर थोडं मेण वाढवा, दगडासारखं वाटलं तर तेल. मे महिन्यात वापरायचं मलम जरा घट्टच करावं, मी तेव्हा २५ ग्रॅम मेण घेते. टाचांसाठीच करायचं असेल तर मेणाचा थोडा भाग कमी करून कोकमतेल घाला. कोकणात भिरंडेल म्हणतात तेच. भेगांना ते पूर्वापार लावत आले आहेत आणि कॅलेंड्युलाशी त्याचं फार चांगलं जमतं. माझ्या सासूबाईंच्या टाचा डिसेंबरात रक्त येईपर्यंत फुटायच्या. रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून, टिपून, हे मलम लावून सुती मोजे घालायला सुरुवात केली तेव्हा दोन आठवड्यांत त्या देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालायला लागल्या. यात मोज्यांचा, पाय भिजवण्याचा, तेला-मेणाच्या ओशटपणाचाही वाटा आहे, सगळं श्रेय फुलाला देता येणार नाही. डबीवर तारीख लिहा, पाण्याचा हात लावू नका, सहा-आठ महिन्यांत संपवा. खवट वास आला की टाकून द्या.

हे मलम कशाला लावावं? खरचटलेलं, वरवरचं कापलेलं, स्वच्छ धुऊन रक्त थांबलेलं. उन्हाने लाल झालेली कातडी. कोरडेपणाने फुटलेले ओठ, हात, टाचा. भांडी-धुण्याच्या साबणाने चरचरणारी बोटं. जर्मनीच्या वनौषधी आयोगाने १९८६ मध्ये या फुलाला जखमेसाठी आणि तोंडाच्या, घशाच्या सुजेसाठी मान्यता दिली. युरोपीय औषध संस्थेची वनौषधी समितीही कातडीची किरकोळ दाहक तक्रार, लहान जखम आणि तोंड-घशाची सौम्य सूज एवढ्यासाठीच ते सांगते, तेही दीर्घ काळच्या वापराच्या आधारावर. आठवड्यात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जा, हेही तीच सांगते.

खोल जखम, गंजलेला खिळा, कुत्र्या-मांजराचा चावा, पू धरलेली जागा, यांना मलमाने झाकू नका. तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन, चाव्याला रेबीजची लस, लागेल ते आधी. भाजल्यावर पहिली वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. ताज्या भाजलेल्या जागी तेल, तूप, मलम काहीच नको. मधुमेह असलेल्यांनी पायाच्या छोट्याशा जखमेवरही घरगुती प्रयोग करू नयेत. माझ्या ओळखीत अशा प्रयोगाने एकाचं बोट गेलं आहे, म्हणून हे वाक्य मी प्रत्येक वेळी मोठ्याने सांगते.

कर्करोगाच्या किरणोपचारांत कातडी भाजल्यासारखी होते, तिथे कॅलेंड्युलाचं नाव बरेचदा घेतलं जातं. त्यामागे आधार आहे. फ्रान्समधल्या ल्योन इथे स्तनाच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या २५४ स्त्रियांवर अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना कॅलेंड्युलाचं मलम, निम्म्या जणींना ट्रोलामाइन हे तिथलं नेहमीचं औषध. कातडीला मध्यम किंवा तीव्र त्रास झाला तो पहिल्या गटात ४१ टक्के जणींना, दुसऱ्या गटात ६३ टक्के जणींना. फरक मोठा होता. पण २०१३ मध्ये स्वीडनमधून चारशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास आला. त्यात कॅलेंड्युलाचं क्रीम आणि साधं पाणीदार क्रीम यांत काहीच फरक दिसला नाही. दोन्हींतली उत्पादनं वेगळी होती आणि तुलना ज्याच्याशी केली तेही वेगळं होतं, त्यामुळे एकाने दुसरा पुसला जात नाही. घरात कुणाचे किरणोपचार चालू असतील तर तिथल्या डॉक्टरांना “कॅलेंड्युलाचं तयार मलम चालेल का, आणि उपचाराच्या किती वेळ आधी लावायचं नाही?” असं सरळ विचारा. घरी केलेलं मलम त्या कातडीवर नको. ते निर्जंतुक नसतं.

तोंडासाठी मात्र काढाच. १ ते २ ग्रॅम सुकी फुलं एक कप उकळत्या पाण्यात झाकून दहा मिनिटं ठेवायची, गाळून कोमट झाल्यावर गुळण्या करायच्या. तोंड आलं असेल, हिरड्या हुळहुळत असतील तर बरं वाटतं. याच कोमट काढ्यात स्वच्छ कापड बुडवून उन्हाने तापलेल्या मानेवर, हातांवर पट्टी ठेवता येते. रोज नवा काढा करा, उरलेला ठेवू नका.

हिरड्यांबाबत महाराष्ट्रातच झालेलं एक काम सांगण्यासारखं आहे. प्रवरानगरजवळच्या लोणीच्या दंत महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी २४० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. २ मिली कॅलेंड्युला टिंक्चर ६ मिली पाण्यात मिसळून दिवसातून दोनदा चूळ, सहा महिने. नुसत्या पाण्याच्या गटापेक्षा टिंक्चरच्या गटात दातांवरचं कीटण आणि हिरड्यांची सूज जास्त कमी झाली. मध्ये दोन्ही गटांची दात-सफाईही केली होती, हे विसरू नका. चूळ भरली म्हणजे दंतवैद्याकडे जायला नको, असा अर्थ काढू नये.

टिंक्चरचा विषय निघालाच आहे. आपल्याकडे बहुतेकांना कॅलेंड्युला माहीत झाला तो होमिओपॅथीच्या दुकानातल्या तपकिरी बाटलीमुळे. त्या दुकानात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाने मिळतात. ‘मदर टिंक्चर’ म्हणजे फुलाचा अल्कोहोलमधला प्रत्यक्ष अर्क. ‘३०’ किंवा ‘२००’ आकड्याच्या गोळ्या म्हणजे तो अर्क शंभरपट पातळ करायची क्रिया तीस किंवा दोनशे वेळा केलेली. त्यांत फुलातलं द्रव्य उरत नाही. या लेखात फुलाच्या गुणांबद्दल जे म्हटलं आहे ते गोळ्यांना लागू नाही. मदर टिंक्चर वापरायचं तर जखमेवर थेट ओतू नका, अल्कोहोलने आग होते आणि नाजूक कातडीचं नुकसानही. एक छोटा चमचा टिंक्चर, दहा चमचे उकळून गार केलेलं पाणी, आणि त्यात भिजवलेला कापूस. डोळ्यांत घरचा काढा, टिंक्चर, काहीही घालायचं नाही.

सौंदर्यप्रसाधनांत हे फूल आता सर्रास दिसतं. कोरड्या, चटकन लाल होणाऱ्या कातडीला त्याचं तेल सुखावतं, दाढीनंतर चरचरणाऱ्या गालालाही. तेलकट, मुरूम येणाऱ्या चेहऱ्यावर मेणाचं मलम लावू नका, छिद्रं बुजून मुरूम वाढतील. तिथे काढ्याने चेहरा पुसून घेतला तर पुरे. घरी साबण करणाऱ्यांना या पाकळ्या फार प्रिय, कारण गुलाब-जास्वंद साबणात तपकिरी पडतात, यांचा पिवळा रंग मात्र टिकतो. पण रंग उजळणं, वांग जाणं, सुरकुत्या मिटणं असे दावे पाहिले की ती बाटली परत ठेवा. उन्हापासून संरक्षण म्हणूनही हे तेल पुरेसं नाही, सनस्क्रीनची जागा ते घेत नाही. खरेदी करताना घटकांची यादी वाचा. ‘कॅलेंड्युला ऑफिसिनालिस’ हे नाव हवं, आणि ते सुगंधाच्याही खाली, यादीच्या शेपटीला असेल तर आपण फुलाच्या चित्राचे पैसे देतो आहोत. ‘कॅलेंड्युला बीतेल’ ही आणखी वेगळी वस्तू आहे. ते बियांचं तेल, फुलं मुरवलेलं नव्हे.

कुणी जपावं? ज्यांना गाजरगवताचा त्रास आहे त्यांनी सगळ्यात आधी. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण आज आपल्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे आणि त्याने मान, चेहरा, कोपरांवर इसब होणारे शेकडो लोक आपण पाहतो. त्यांतल्या काहींना शेवंती, सूर्यफूलही सोसत नाही. कॅलेंड्युला त्याच कुळातला. म्हणून प्रत्येकानेच पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर तेल लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज, लाली, पुरळ काहीही दिसलं तर विषय संपला. गरोदरपणात पोटात घेऊ नये. सहा वर्षांखालच्या मुलांबाबत पुरेशी माहिती नाही म्हणून युरोपीय समिती वापर टाळायला सांगते. लंगोटाच्या पुरळावर कॅलेंड्युलाचे छोटे अभ्यास झाले आहेत, पण तान्ह्या बाळाला काही लावण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. तिथे खरं औषध म्हणजे लंगोट वेळेवर बदलणं आणि जागा कोरडी ठेवणं.

फेब्रुवारीच्या शेवटी मात्र तोडणीचा हात आवरा. दोन-तीन जोमदार झाडांवरची मोठी फुलं तशीच राहू द्या. पाकळ्या गळून मधल्या गोंड्यावर ते वाकडे दाणे हिरव्याचे तपकिरी होतील, बोट लावताच सुटून येतील. चार दिवस ताटलीत पसरून ठेवा, मग कागदी पाकिटात भरून वर नाव आणि साल लिहा. पुढच्या दसऱ्याला शेजारच्या ताईंनी तोरणाचा झेंडू पुढे केला, तर त्यांच्या हातावर यातले आठ-दहा दाणे ठेवा. पेरायची वेळ तीच असते.